शार्ल अझनावूर: असा आवाज असून एवढा मोठा कसा झाला?

कोथरूडची_मावशी

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकतेय. वय 56, बँकेतून व्हीआरएस घेतलेली, वर्गात मी सोडून सगळे विशीतले. गुरुवारी प्रत्येकाने एका गायकाबद्दल पाच मिनिटं बोलायचंय आणि जमलं तर चार ओळी म्हणायच्यात. मी हट्टाने शार्ल अझनावूर घेतला. कारण त्याचं 'ला बोएम' ऐकताना पहिल्यांदाच फ्रेंच गाण्यातला शब्द न् शब्द सुटा ऐकू आला. (अर्थ डिक्शनरी घेऊन लावला, तो भाग वेगळा.)

पण आवाज? पावसात भिजून आल्यासारखा! मला शाळेत गॅदरिंगला आवाज जाड म्हणून कोरसच्या मागच्या रांगेत उभं करायचे. वर सांगायचे, "तू नुसते ओठ हलव." मग या बाबाला लोकांनी डोक्यावर कसं घेतलं?

नारायणपेठी

मावशी, लोकांनी आधी डोक्यावर घेतलं नाही, पायाखालीच घेतलं होतं. स्वतःच्या उणिवांची यादी त्याने स्वतःच आत्मचरित्रात दिलीय: आवाज, उंची, हातवारे, शिक्षण नाही, वगैरे वगैरे. उंची सव्वापाच फुटांच्या आसपास. आवाजावर समीक्षक कोट्या करायचे. जन्म 1924, पॅरिस. आईवडील आर्मेनियन, आई तुर्कस्तानातल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलींतून वाचलेली. पोरगा लहानपणापासून नाटकात.

एदित पियाफने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात गाजलेल्या फ्रेंच गायिकेने, त्याला हाताशी धरलं हे सगळे सांगतात. पण म्हणजे काय, तर काही वर्षं तो तिच्याकडे राहून गाणी लिहायचा, गाडी चालवायचा, सामान उचलायचा. नाकाचं ऑपरेशनही तिच्याच आग्रहाने. आपल्याकडच्या नाटक कंपनीत पडेल ते काम करणारी पोरं असायची ना, तसं.

आता खरा किस्सा. डिसेंबर 1960, पॅरिसचं अलांब्रा थिएटर. वय 36. सहा-सात गाणी झाली, प्रेक्षक थंड. शेवटी त्याने स्वतःचं गाणं काढलं, एका फसलेल्या नटाचं, जो म्हणतो की मला माझं नाव पोस्टरवर सगळ्यांच्या वर दिसत होतं. हे गाणं आधी ईव्ह मोंतां या तेव्हाच्या बड्या गायक-नटाने नाकारलं होतं. गाणं संपताना दिवे प्रेक्षकांवर रोखले. टाळी नाही. हा विंगेत गेला, संपलं म्हणाला. नमस्कार करायला परत आला तर अख्खं थिएटर टाळ्यांनी दणाणत होतं.

मोठ्या आवाजाच्या माणसाने ते गाणं गायलं असतं तर कोण रडलं असतं? हरलेल्या माणसाला हरलेलाच आवाज लागतो. माझं मत. भावगीतात नाही का आपण सुरापेक्षा शब्दाला जास्त माफ करत?

सदाशिवची_सून

+1. त्याचं 1972 चं गाणं 'कॉम इल दिझ' विसरू नका. आईसोबत राहणारा, रात्री स्टेजवर बायकी वेशात काम करणारा समलिंगी पुरुष स्वतःबद्दल सांगतोय. त्या काळात, टवाळी न करता. कोथरूडच्या वर्गमैत्रिणींना ऐकवा आणि चेहरे बघा.

तरी मी पियाफच घेतली असती. पण तिचा घशातला 'र' म्हणताना शेजारी आलं-मध घेऊन येतात.

हिंजवडी_फेज_थ्री

कामानिमित्त आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला होतो. गावाच्या मध्यात त्याच्या नावाचा चौक आहे, लोक घरच्या माणसाबद्दल बोलावं तसे बोलतात. तिथल्या 1988 च्या भूकंपानंतर त्याने कलाकार जमवून गाणं केलं, मदत उभी केली. 2009 मध्ये आर्मेनियाने त्याला स्वित्झर्लंडमध्ये राजदूत नेमलं. गायक! 2018 मध्ये 94 व्या वर्षी गेला, त्याच्या आदल्याच महिन्यात जपानमध्ये कार्यक्रम करत होता. माझे बाबा 70 ला जिना चढताना कुरकुरतात.

नारायणपेठी

मावशी, एक युक्ती. 'ला बोएम' म्हणताना तो पांढरा रुमाल घ्यायचा, कारण गाणं पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या गरीब चित्रकाराचं आहे. ब्रश पुसल्यासारखा हात पुसायचा आणि शेवटी रुमाल हळूच खाली सोडून द्यायचा. तेवढं करा, बाकी आवाजाचं कोणी बघणार नाही.

कोथरूडची_मावशी

झालं बाई एकदाचं! पाच मिनिटांची अकरा झाली, अलांब्राचा किस्सा अर्धा फ्रेंच अर्धा मराठीत सांगितला. चार ओळी म्हटल्या, आवाज जाडच निघाला, कोणी हसलं नाही. शेवटी नवऱ्याचा इस्त्रीचा रुमाल बोटांवरून पुसला आणि सोडला. वर्ग एकदम गप्प. मी डोळे मिटून उभी.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका पोराने लगबगीने उठून तो उचलला, झटकला आणि माझ्या हातात दिला. "काकू, पडला तुमचा."