मदत हवी आहे: बेडसोरला वाय, एन की क्वेरी?

नमस्कार. मी लातूरहून अमेरिकेतल्या हॉस्पिटलचे चार्ट कोड करते, म्हणजे पेशंटच्या नोंदी वाचून आजारांना बिलासाठी कोड देते. 'प्रेझेंट ऑन ॲडमिशन'पाशी अडकलेय, म्हणजे आजार भरतीवेळीच होता का, ही खूण: वाय म्हणजे होता, एन म्हणजे नव्हता, यू म्हणजे नोंदींवरून कळत नाही.

पेशंट आजी, खुब्याचं हाड मोडलेलं. नर्सच्या पहिल्याच नोंदीत माकडहाडावर स्टेज २ चा बेडसोर (पडून राहून दाबाने होणारी जखम; स्टेज जास्त तितकी खोल). डॉक्टरांनी मात्र तो चौथ्या दिवशी लिहिला, तोही स्टेज ३. भरतीवेळी होता का, यावर अवाक्षर नाही. स्टेज नर्सच्या नोंदीवरून चालते, निदान डॉक्टरांचंच लागतं, एवढं पक्कं. मग एल८९.१५२ (स्टेज २ चा कोड) ला वाय आणि एल८९.१५३ (स्टेज ३ चा) ला एन थेट लावू, की आधी डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे खुलाशासाठी लेखी प्रश्न, पाठवू?

आमचे टीम लीड म्हणतात, यू लाव. मला पटत नाही. बेडसोर स्टेज ३ असेल तर मेडिकेअर (अमेरिकेची सरकारी आरोग्य विमा योजना) यूलाही एनसारखंच धरतं, जादा पैसे देत नाही. अनुभवी ताई-दादांनी कृपया सांगा, चार्ट उद्या द्यायचाय.