मानस उघडी, तरी इलेक्ट्रॉन अडलेला

जोडलेल्या दोन क्वांटम डॉटमधली (अर्धवाहकात मोजके इलेक्ट्रॉन कोंडणाऱ्या सूक्ष्म कप्प्यांमधली) इलेक्ट्रॉनची ये-जा खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीसारखी (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारासारखी), केवळ दोन्हीकडच्या पातळीतील फरकावर चालते, असे म्हटले जाते. हे म्हणणे विद्युतभारापुरते पटते, आणि आम्हां गोंयकारांना ते चटकन उमगतेही. मात्र पाण्याला स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनला सूक्ष्म चुंबकासारखा बनवणारा अंगभूत गुण, नसतो. दोन्ही डॉटमध्ये एकेक इलेक्ट्रॉन असून त्यांचे स्पिन समांतर असतील, तर ऊर्जेची पातळी अनुकूल असतानाही पहिला इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या तळच्या कक्षेत उतरू शकत नाही, कारण समांतर स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एकाच कक्षेत राहू शकत नाहीत हा पाउलीचा नियम आड येतो आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. हा अवरोध २००२ मध्ये प्रयोगात दिसला. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकामध्ये मात्र तो गळका असतो: तिथल्या प्रत्येक अणुकेंद्रकाला स्पिन असतो, त्यांचे विस्कळीत चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनचा स्पिन वळवते आणि अडलेला पुढे सरकतो. सिलिकॉन-२८ या सिलिकॉनच्या समस्थानिकाच्या केंद्रकाला स्पिनच नसल्याने तिथे ही कटकट उरत नाही.