रापी, एजर, आरी घरी पाजवायचीय, ग्राइंडर घेऊ का? (नाशिक)

पाकीटवाली_इंदिरानगर
नमस्कार मंडळी, मी घरीच पाकिटं, बेल्ट, चष्म्याची कव्हरं शिवते, आता थोड्या ऑर्डरीपण यायला लागल्यात. अडचण धारेची आहे, रापी (चामडं कापायची, छिलायची पाती), एजर (चामड्याच्या कडा गोल करायचं हत्यार), आरी (भोक पाडायची टोकदार सुई), सगळ्यांचीच. रापी नवीन होती तेव्हा मस्त चालायची, आता कड पातळ करायला घेतली की चामडं कापलं न जाता नुसतं ओढलं जातं, सुरकुत्या पडतात, मग जोर लावावा लागतो आणि जोर लावला की सटकून हातावर यायची भीती. बाहेर धार लावायला दिली तर त्याने विळीसारखी जाड धार काढून दिली, तीपण दोन्ही बाजूंनी, रापीला तर ती एकाच बाजूने हवी. आमचे हे म्हणतात बेंच ग्राइंडर आणि बफ (पॉलिशचं कापडी चाक) घेऊन टाक. बजेट दोन हजार, काम बाल्कनीत, घरात पहिलीतलं पोरगं. काय करू?

टूलरूमवाला_सातपूर
ताई, ग्राइंडर नको. घाबरवत नाहीये, कारण सांगतो. ६ इंची चाक २८०० आरपीएमने फिरतं म्हणजे कडेचा वेग सेकंदाला साधारण २२ मीटर, आणि रापीची धार इतकी पातळ की उष्णता जायला जागाच नसते. साध्या कार्बन स्टीलचं पाणी, म्हणजे कडकपणा, २०० डिग्रीच्या पुढे उतरायला लागतं, धारेवर निळा रंग दिसला म्हणजे ३०० च्या आसपास गेलं, तेवढा भाग मऊ पडला. मग कितीही पाजवा, दोन पाकिटांत परत बोथट. पाण्यात बुडवून बुडवून करा म्हणतात पण निळं झाल्यावर बुडवून काही उपयोग नाही, पाणी आधीच गेलेलं असतं.
तुमची रापी पॉवर हॅक्सॉच्या (लोखंड कापायच्या मशीन करवतीच्या) ब्लेडची असेल तर ते बहुतेक हायस्पीड स्टील, ते ५०० डिग्रीपर्यंत दम धरतं, पण मग हातदगडावर घासायला वेळ लागेल, डायमंड प्लेट बरी.

गंगापूररोड_मेकर
अहो इतकं काय, माझ्याकडे ग्राइंडर आहे आणि बफ पण, पाच मिनिटांत आरशासारखी होते, उगाच दगड घासत कोण बसणार

टूलरूमवाला_सातपूर
@गंगापूररोड_मेकर दादा तुमचा हात बसलाय, त्या बाल्कनीत सुरुवात करणार. बफ तर ग्राइंडरपेक्षा वाईट. कापडाच्या चाकात धार उलटी अडकली की रापी हातातून हिसकावून फेकली जाते, आणि कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. वापरायचाच असेल तर चाकाच्या मध्याच्या खाली, धार चाकाच्या फिरण्याच्या दिशेने, म्हणजे चाक धारेवरून पुढे निसटलं पाहिजे, धारेत घुसता कामा नये. गॉगल घालायचा, हातमोजे अजिबात नाही, ओढणी, बांगड्या, मोकळे केस नाहीत. ग्राइंडरचा टेका (हत्यार टेकवायची पट्टी) चाकापासून ३ मिमीच्या आत, आणि नवीन चाक लावलं की पहिलं एक मिनिट बाजूला उभं राहायचं, फुटायचं असेल तर तेव्हाच फुटतं. एवढं सगळं पाळणार असाल तर घ्या.

चामोटी
वडिलांचं चप्पल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांच्याकडे मशीन कधीच नव्हतं. एक दगड आणि एक चामड्याची पट्टी, बास. दगड वर्षाकाठी एखाद-दोनदा, पट्टी मात्र दिवसातून चार वेळा. लोक उलटं करतात, बोथट होईपर्यंत वापरतात आणि मग दगडावर तासभर बसतात.
पट्टी घरच्याच तुकड्यातून करा. व्हेज टॅन (झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं), साधारण ३ मिमी जाड, सपाट फळीवर चिकटवा, लोंबकळती नको, नाहीतर धारेचं टोक गोल होतं. त्यावर हिरवं क्रोमियम ऑक्साइड (पॉलिशची वडी) चोळा, क्रेयॉनसारखं. रापी आडवी टेकवायची आणि फक्त मागे ओढायची, पाठ पुढे आणि धार मागे. पुढे ढकललीत की पट्टीच कापली जाईल आणि बोटही. दाब अगदी हलका. दिवसाला पंधरावीस ओढी पुरतात.

पाकीटवाली_इंदिरानगर
वा, हे जमेल. पण आत्ता जी जाड धार झालीय तिचं काय? आणि कोन कसा ओळखायचा, मोजायला काही नाहीये.

टूलरूमवाला_सातपूर
स्केल आहे ना? उताराची (धारेकडे तिरकी घासलेली बाजू) लांबी ब्लेडच्या जाडीच्या तिप्पट धरा. ब्लेड २ मिमी असेल तर उतार ६ मिमी, कोन १९ अंशांच्या आसपास बसतो. उतारावर मार्करने काळं करा, दगडावर दोनचार हात मारा, काळं कुठून गेलं बघा. फक्त टोकाकडचं गेलं तर मागची बाजू वर उचलली जातेय, फक्त मागचंच गेलं तर जास्त झोपवताय. सगळं सारखं जाईपर्यंत हात जुळवा.
दगड घ्यायला नको असेल तर जाड काचेच्या तुकड्यावर पाण्याने चिकटवलेला वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर). आधी २२० नंबरचा, मग ४००, १०००, २०००. जाड धार २२० वरच काढायची, पुढे फक्त ओरखडे घालवायचेत. एका बाजूने घासत राहा, पलीकडच्या बाजूला बोटाने आडवं हळूच चाचपलं की बारीक कंगोरा लागला पाहिजे, पूर्ण लांबीवर. तो आला की सपाट बाजू काचेवर पूर्ण टेकवून दोनचार हात, उचलायची नाही. तुम्हाला जी दुसऱ्या बाजूने धार दिलीय ती अशीच सपाट करत न्यावी लागेल, एका बैठकीत होणार नाही.
काच ओल्या फडक्यावर ठेवा, सरकत नाही.

निफाडकर
दगडावर खोबरेल घालू नका कुणी, आमच्याकडे थंडीत गोठून दगडाचे डोळे बंद होतात. शिलाई मशीनचं तेल किंवा रॉकेल.

पाकीटवाली_इंदिरानगर
एजर आणि पंच राहिले. आरीला पण दगडच का?

चामोटी
एजरच्या खोबणीत दगड जाणार नाही. सुतळीला हिरवं चोळून खोबणीतून ओढा. गोल पंच बाहेरूनच, हातात फिरवत फिरवत, आतून कानस घातली की भोक वाकडं. आणि पंच लोखंडावर कधी ठोकू नका, खाली नायलॉनचा बोर्ड किंवा लाकूड. आरी लांबीच्या दिशेने घासायची, चारही बाजू जशाच्या तशा राहू द्यायच्या, काम झालं की टोक बुचात खोचायचं.
धार बघायला नखावर वगैरे नको, चामड्याच्या टाकाऊ तुकड्यावर बघा. रापी हातातून पडली तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या. चप्पल घालून बसा.
आणखी एक, रापी चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि गंज येतो. तेलाचा हात फिरवून प्लास्टिकच्या टोपणात, डबा वरच्या फळीवर, पोराचा हात न पोचेल असा.

पाकीटवाली_इंदिरानगर
काच जुन्या टीपॉयची पडलीय, ती चालेल ना? कडा मात्र घासलेल्या नाहीत.

टूलरूमवाला_सातपूर
चालेल, आधी कडांवर ओला २२० फिरवून बोथट करा, नाहीतर रापीच्या आधी काचच कापेल.