बंदुकीच्या गोळ्यांचे भाव उतरणार कधी?

प्रश्न: लोकांनी घाबरून पेट्याच्या पेट्या उचलल्या आणि माझे सरावाचे आठवड्याचे दोनशे राउंड (गोळ्या) पन्नासवर आले, .22 (लहान बोअरच्या गोळ्या) आत्ता घेऊ की थांबू?

– थांब रे. अमेरिकेत 2013 ला हेच झालेलं, कारखाने चालू होते पण दुकानात माल आला की लगेच गायब, लोक गरज नसताना पण उचलायचे. नंतर भाव बसले, वेळ मात्र बराच लागला.

– आता रीलोडिंग कर, म्हणजे रिकामं काडतूस घरीच परत भर, म्हणणारे येतीलच 😄 पण .22 रिमफायर आहे, प्रायमिंग (दारू पेटवणारा मसाला) काडतुसाच्या नळीच्या बुडाच्या कडेतच असतं, ती घरी परत भरण्यातली नाही. सेंटरफायरवाल्यांचं (त्यात दारू पेटवणारी टोपी, म्हणजे प्रायमर, बुडाच्या मधे वेगळी बसते) पण 2020 ला प्रायमरच्या टंचाईवरच अडलेलं.

– मी स्नॅप कॅप (नकली गोळी) टाकून ड्राय फायर (गोळी न झाडता ट्रिगर दाबायचा सराव) करतोय, ट्रिगर सुधारला राव! जुन्या लॉटचा (एकाच खेपेत बनलेल्या मालाचा) एक डबा मॅचसाठी ठेव मात्र, लॉट बदलला की ग्रुप (निशाण्यावरच्या छिद्रांचा पुंजका) फाकू शकतो.