मदत हवी आहे: कॅन्युलाच्या (शिरेत घालायच्या नळीच्या) प्रवाह चाचणीत रक्ताऐवजी कोणता द्रव वापरावा?

नमस्कार. १४ व १६ गेज कॅन्युला (गेजचा आकडा लहान तितकी नळी जाड), १६ गेजची २० सेंमी लांब सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची लांब नळी), द्रवाची पिशवी दाबणारी ३०० मिमी पारा दाबाची प्रेशर बॅग आणि खाली वजनकाटा, अशी चाचणी मांडली आहे. जाड कॅन्युलात सलाइनचा प्रवाह प्वाझेयच्या नियमाने (नळीतल्या संथ प्रवाहाचे सूत्र) येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी भरतो; तिथे प्रवाह खळबळतो, त्यामुळे ते अपेक्षितच.

खरी अडचण पॅक्ड सेल्सची (बराचसा प्लाझ्मा काढलेले, लाल पेशींचे दाट रक्त). ग्लिसरीन-पाण्याने चिकटपणा जुळतो, पण लाल पेशींचा द्रव वेग वाढला की पातळ होतो, ग्लिसरीन तसे वागत नाही. त्यात थोडा झँथन गम (द्रव दाट करणारा डिंक) मिसळून कुणी हे साधले आहे का? प्रमाण किती? बुडबुडे कसे काढता? ४ आणि ३७ अंश सेल्सिअससाठी वेगळी मिश्रणे लागतील का?

मुदत संपलेल्या रक्तपिशव्या वापरल्या, तर नळी सलाइननेच धुणार; रिंगर लॅक्टेटमधल्या (शिरेतून देण्याचे क्षारांचे द्रावण) कॅल्शियमने गुठळ्या धरण्याची शक्यता असते.