घराला लागून असलेला जुना आंबा वादळाआधी छाटायचा का?

जुळे_सोलापूरकर: मी सोलापुरात, सासुरवाडी दापोलीची. घराला खेटून जुना आंबा आहे, 2020 च्या निसर्ग वादळात शेजारचा फणस आडवा झाला तेव्हापासनं सासूबाईंना पावसाळा आला की झोप नाही, गडी म्हणतो शेंडाच उडवू. उडवू का?

कडक_भाकरी: अजिबात नको राव! शेंडा उडवला की तिथनं धुमारे फुटतात, त्यांची पकड वरवरची असते, जाड झाले की पुढच्या वादळात तेच आधी तुटतात. वाळलेल्या, घासणाऱ्या अन् कौलांवर आलेल्या फांद्या तेवढ्या काढा. जाड फांदीला आधी खालनं थोडा काप, मग जरा पुढं वरनं, उरलेला ठोंब शेवटी, नाहीतर साल खोडापर्यंत सोलत येते. खोडाजवळची फुगीर कड सोडून कापायचं. रंग, डांबर काही लावू नका.

बांधावरची: अन् बुंधा बघितला का कुणी? कोकणात जांभ्या दगडावर माती कमी, मुळं पसरट जातात. बुंध्याशी जमीन उचललीय, अळंबी आलीय, झाड नव्यानं कललंय असं असेल तर छाटणीनं भागणार नाही, जाणकाराला दाखवा. कोबा केलाय का भोवती?

जुळे_सोलापूरकर: आहे की, मेव्हण्यानं गाडी लावायला केलाय, पार खोडापर्यंत.

बांधावरची: मग तो आधी काढा, मुळांना हवा-पाणी मिळू दे, पण पहार जपून, मुळं तुटायला नकोत.

कडक_भाकरी: हे बघून सोलापुरातल्या दारातल्या कडुलिंबाला कुऱ्हाड लावू नका हां, शहरात झाड तोडायला परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे.