मोहेंजोदडोच्या नाचात घोड्याचा रथ आणि पोरींच्या अंगाला सोनेरी पावडर?

वैनगंगाकाठ:
गडचिरोलीच्या वडसा भागातल्या एका मंडळाने सिंधू संस्कृतीवर नृत्यनाटिका केली. तिच्या कौतुकाची पोस्ट सगळीकडे फिरतेय, 'साक्षात मोहेंजोदडो उभं केलं' म्हणून. फोटो नीट बघा. थर्माकोलचा घोड्याचा रथ, टिकल्यांच्या साड्या, दोन्ही हातांत सारख्याच बांगड्या, वर अंगाला सोनेरी पावडर. मोहेंजोदडोला १९२६ साली सापडलेली ती 'नर्तकी'ची कांस्यमूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला, २४-२५ तरी आहेत. उजव्यात फक्त चार. उजवा हात कमरेवर, डावा मांडीवर. एक बाजू भरलेली, एक मोकळी, यातच तिची सगळी ऐट आहे. दोन्ही हात सारखे केलेत की उरलं काय? आणि तिथं मातीच्या खेळण्यांत सापडते ती बैलगाडी, भरीव चाकांची. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या मुलखात बैलगाडी सोडून घोडा आणावा लागतो?

तिसरी घंटा:
घरी बसून फोटो मोठा करून बघणं सोपं आहे. शेवटच्या रांगेतला माणूस शंभर फुटांवर बसलेला असतो. त्याला चार आणि चोवीस काय दिसणार? टिकल्या उजेड परत फेकतात म्हणून लावतात, हौस म्हणून नाही. लाल सुती कापड एलईडीच्या निळ्या उजेडात काळं ठिक्कर पडतं. शिवाय ती बाई नाचतेय हे तरी कशावरून? 'नर्तकी' हे नाव खोदणाऱ्यांनी दिलं. नाचणाऱ्या पोरींच्या पायांत घुंगरू कशाला, असं ओरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मूर्तीची पावलं तुटलेली आहेत. होते की नव्हते, दोन्ही सिद्ध होत नाही.

वैनगंगाकाठ:
निळा उजेड लावायला कोणी सांगितलं? पिवळसर अंबर लावा, लाल कापड खुलतं. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला लाल रंगवलेल्या सुती कापडाचा तुकडा सापडलाय, त्यामुळे लाल सुती अगदी योग्य.

बांगड्या शंभर फुटांवरून दिसतात, पांढऱ्या केल्या तर. तिथं शंखाच्या बांगड्या भरपूर मिळाल्या आहेत. शेतातल्या पाइपलाइनचे उरलेले पीव्हीसी तुकडे घ्या. मनगटाला ६३ मिलिमीटरचा पाइप, कोपराजवळ ७५, दंडाला ९०. सव्वा सेंटिमीटर रुंदीची कडी कापा. कडा सँडपेपरने घासा, नाहीतर काखेत कापतं. बाहेरूनही घासून प्रायमर द्या; गुळगुळीत पाइपवर थेट ऑइलपेंट मारला की घामाने सोलपटून येतो. प्रत्येक कड्याला दोन बारीक भोकं पाडून इंचभर रुंद इलास्टिक पट्टीवर टाके घाला. पट्टी दंडाच्या आतल्या बाजूने येऊ द्या. कोपरावर चार बोटं जागा सोडा. ती सोडली नाही तर हात दुमडताच कडी एकमेकांवर चढतात आणि हात सरळच होत नाही. सुट्या चढवल्या तर पहिल्याच वेळी हात खाली सोडताना सगळ्या मनगटावर गोळा.

जुनापानी:
सिंधूच काहून, राजेहो? नागपूरले लागून जुनापानीत तीनेकशे शिळावर्तुळं हायेत, म्हंजे जुन्या थडग्याइच्या भोवती गोल मांडलेले दगड. माहुरझरीत मान्सासंगं घोडे पुरलेले सापडले, तेइच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने सुद्धा. नायकुंडले लोखंड वितळवाची भट्टी. तुमचा घोडा पाहिजे ना? मंग आपल्याच मातीत हाये, मोहेंजोदडोत काहून नेता?

तिसरी घंटा:
म्हणजे आता थडग्यांवर नाच बसवायचा? लोक मारायला उठतील.

जुनापानी:
थडगं म्हणून काय झालं? वर्तुळ हाये ना! दंडारीतले लोक टिपऱ्या घेऊन गोल फिरतातच. मधात घोड्याचा मुखवटा, बाहेरून लोखंडी कुऱ्हाडी घेतलेले गडी. माहुरझरीत मणी बनत, म्हणून गळ्यात लाल अकीकाच्या माळा. धा मिनटांत उभं होते. तुमाले बाहेरचंच मोठं वाटते, याचाच राग येते.

तिसरी घंटा:
कोणाला काय मोठं वाटतं ते तुम्ही ठरवू नका. झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकाचा प्रयोग रात्रभर उभा करून दाखवा, मग बोला.

रंगपेटी:
तुमचं घोड्यावरून भांडण चालू द्या. त्या पावडरीबद्दल कोणीच बोलेना. ती तांबं-जस्ताची भुकटी असते, फ्रेम रंगवायची. खोबरेल तेलात कालवून लावली की घामाने हिरवट पडते, खाज सुटते, आणि फासताना उडालेली पूड श्वासातून छातीत जाते. लहान पोरींना हे लावणं गुन्हा आहे. मूर्ती काळपट दिसते कारण कांसं जुनं झालं की काळवंडतं. तो धातूचा रंग आहे, माणसाच्या कातडीचा नाही. मग पोरींना रंगवता कशाला? आहे तो वर्ण ठेवा, हलका पॅनकेक मेकअप द्या, अंबर लाइट टाका.

तिसरी घंटा:
पावडरीचं मान्य, मंडळाला सांगतो. बांगड्याही करून बघू, पाइप शेतात पडलेलेच असतात. पण टिकल्या जाणार नाहीत. घोडाही राहील, प्रेक्षक त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात.

वैनगंगाकाठ:
मग जाहिरातीतून 'सिंधू संस्कृती' काढा. घोडा ठेवून ते नाव लावता येणार नाही.

जुनापानी:
काढा अन् माहुरझरी लावा. घोडा आपोआप बरोबर होते.